रॉझवेलची तबकडी आणि तिच्याआड राहिलेले वाळवंट

रॉझवेलच्या उडत्या तबकडीची टिंगल करणारे विवेकवादी आणि तिच्यावर श्रद्धा ठेवणारे भाविक या दोघांनाही एका साध्या वस्तुस्थितीचा विसर पडलेला असतो. तबकडी हाती लागल्याचा दावा प्रथम कुणा भोळ्या गुराख्याने किंवा खपासाठी हपापलेल्या वार्ताहराने केला नव्हता. तो अमेरिकेच्या लष्कराने स्वतःच्या प्रसिद्धिपत्रकातून केला होता. ८ जुलै १९४७ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील रॉझवेल लष्करी विमानतळाचे प्रसिद्धी अधिकारी लेफ्टनंट वॉल्टर हॉट यांनी तळप्रमुख कर्नल विल्यम ब्लँचर्ड यांच्या हुकमावरून ते पत्रक काढले आणि ‘रॉझवेल डेली रेकॉर्ड’ या स्थानिक दैनिकाने त्याच दिवशी पहिल्या पानावर ठळक मथळ्यात ती बातमी छापली. त्यानंतर काही तासांतच टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथून ब्रिगेडियर जनरल रॉजर रेमी यांनी खुलासा केला की सापडलेली वस्तू म्हणजे हवामानाच्या निरीक्षणासाठी सोडलेला फुगा आहे. एकाच लष्कराने एकाच दिवशी दोन निवेदने केली. त्यांतले पहिले चुकीचे होते आणि दुसरे अर्धवट खरे. पुढे परग्रहवासीयांचे यान कोसळल्याची जी दंतकथा जगभर पसरली, तिला जागा मिळाली ती या दोन निवेदनांमधल्या फटीत. म्हणून रॉझवेलचा इतिहास हा लोकांच्या भाबडेपणाचा इतिहास आहे असे मला वाटत नाही. तो सरकारी गुप्ततेचा इतिहास आहे. त्याहून बोचरी गोष्ट अशी की, ही दंतकथा ज्यांना उघडे पाडते असे समजले जाते, तिचा सर्वांत मोठा लाभ त्यांनाच झाला.

प्रत्यक्षात सापडले काय होते, हे शोधायला कुठल्याही गुप्त दप्तरात शिरावे लागत नाही. त्याच दैनिकाच्या ९ जुलैच्या अंकात मॅक ब्रेझल यांची मुलाखत आहे. ब्रेझल हे कोरोना गावाजवळच्या फॉस्टर रँचवर मुकादम होते. मेंढ्यांची ती विस्तीर्ण कुरणे रॉझवेलपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर होती. १४ जूनला मुलाबरोबर फेरी मारताना त्यांना जमिनीवर पसरलेला चकाकता कचरा दिसला, पण कामाच्या गडबडीत त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. ४ जुलैला बायकोमुलांना घेऊन ते पुन्हा तिथे गेले आणि त्यांनी बराचसा कचरा गोळा केला. पुढे लोकर विकण्याच्या कामासाठी रॉझवेलला गेले असताना त्यांनी शेरीफ जॉर्ज विल्कॉक्स यांच्या कानावर ही गोष्ट घातली. मुलाखतीतला तपशील एखाद्या पंचनाम्यासारखा आहे: चांदीचा वर्ख, चिवट कागद, चिकटपट्ट्या आणि काड्या एकत्र बांधल्यावर ३ फूट लांब आणि ७-८ इंच जाड अशी मोळी झाली, रबराच्या तुकड्यांची १८-२० इंच लांबीची दुसरी मोळी झाली आणि सगळ्याचे मिळून वजन फार तर ५ पौंड भरले असते. इंजिनाचा किंवा पंख्याचा मागमूस नव्हता. काही भागांवर अक्षरे होती, आणि चिकटपट्टीवर चक्क फुलांची नक्षी छापलेली होती. याच मुलाखतीत ब्रेझल असेही सांगतात की हवामानाचे फुगे आपल्याला यापूर्वी दोनदा सापडले होते आणि ही वस्तू त्यांच्यासारखी नव्हती. श्रद्धाळू मंडळी हे वाक्य पुनःपुन्हा उद्धृत करतात, आणि त्यांचे चुकत नाही. त्या एका वाक्यापुरता रँचचा मुकादम जनरलपेक्षा अधिक अचूक होता.

एवढ्याशा कचऱ्याला लष्कराने तबकडी का म्हटले, याचे उत्तर त्या दोन आठवड्यांच्या हवेत आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या हौशी वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियरजवळ नऊ वेगवान वस्तू पाहिल्याचे सांगितले होते. पाण्यावर फेकलेली बशी टप्पे घेत जावी तशी त्यांची गती होती असे तो म्हणाला, वर्तमानपत्रांनी गतीची उपमा आकाराला चिकटवली आणि पाहता पाहता देशभरातून तबकड्या दिसल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मात्र त्या वेळच्या माणसाच्या मनात तबकडी म्हटले की परग्रहवासी येत नव्हता. ऑगस्टमधल्या गॅलप पाहणीत लोकांनी दृष्टिभ्रम, थट्टा, आपल्याच सरकारचे गुप्त अस्त्र अशी उत्तरे दिली. दुसऱ्या ग्रहावरचे यान हे उत्तर जवळपास कुणालाच सुचले नव्हते. तेव्हा हॉट यांच्या पत्रकाचा त्या दिवशीचा अर्थ फार तर इतकाच होता की, सगळे ज्याबद्दल बोलत आहेत ते जे काही असेल ते आमच्या हाती लागले आहे. आजचा वाचक त्यात मोठ्या डोळ्यांचे करडे जीव घालून ते पत्रक वाचतो आणि मग लष्कराच्या घूमजावाने चकित होतो.

रॉझवेलचा तळ साधासुधा नव्हता. ५०९वा बॉम्बर गट तिथे होता आणि अणुबॉम्ब टाकण्यास सज्ज असलेली ती त्या काळी जगातली एकमेव तुकडी होती. ब्रेझल यांच्याबरोबर रँचवर जाऊन अवशेष आणणारे मेजर जेसी मार्सेल हे तिचे गुप्तवार्ता अधिकारी. इतक्या जबाबदारीच्या जागेवरचा माणूस काड्या आणि वर्ख ओळखू शकला नाही, हे कसे शक्य आहे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण तो माल ज्यांचा होता त्यांनी रॉझवेलला काही कळवलेलेच नव्हते. अलामोगोर्डोच्या हवाई तळावर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांचा एक गट लष्करासाठी ‘मोगल’ नावाचा प्रकल्प राबवत होता. समुद्रात ठरावीक खोलीवर ध्वनी फार दूरपर्यंत जातो हे भूभौतिकशास्त्रज्ञ मॉरिस यूइंग यांनी दाखवून दिले होते. वातावरणाच्या वरच्या थरातही तसाच पट्टा असणार, आणि तिथे ध्वनिग्राहक तरंगत ठेवले तर सोव्हिएत संघाच्या अणुचाचणीचा आवाज हजारो किलोमीटरवरून टिपता येईल, अशी त्यांची कल्पना होती. त्यासाठी फुगा ठरावीक उंचीवर टिकून राहायला हवा होता. एक फुगा टिकत नाही म्हणून वीस-पंचवीस फुग्यांची ६०० फुटांहून लांब माळ सोडली जाई आणि तिचा माग काढण्यासाठी बाल्सा लाकडाच्या काड्यांवर वर्ख लावलेला कागद ताणून केलेले रडार परावर्तक तिला बांधले जात. प्रकल्पातले अभियंते चार्ल्स मूर यांनी पुढे सांगितले की ते परावर्तक न्यूयॉर्कच्या एका खेळणी बनवणाऱ्याकडून करून घेतले होते आणि त्याने युद्धकाळच्या टंचाईत हाताशी असलेली, फुले छापलेली चिकटपट्टी त्यांना वापरली. पुढे काही दशकांनी ज्यांना परग्रहावरची चित्रलिपी म्हटले गेले ती जांभळट-गुलाबी चिन्हे बहुधा तीच.

रेमी यांचे निवेदन अर्धवट खरे होते असे मी म्हटले, ते याचसाठी. फुगा होता, परावर्तकही होता. खोटे होते ते त्याचे प्रयोजन. त्यांच्याच कार्यालयातले कर्नल थॉमस डुबोस यांनी वृद्धापकाळी सांगितले की हवामानाचा फुगा ही वार्ताहरांना वाटेला लावण्यासाठी केलेली सारवासारव होती. इतकेच नव्हे, तर १० जुलैच्या ‘अलामोगोर्डो न्यूज’मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांना फुगे आणि परावर्तक सोडून दाखवल्याची बातमी आहे आणि हे सारे रडार चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आहे असे त्यांना सांगण्यात आले होते. थोडक्यात, वस्तू दाखवायची आणि अर्थ लपवायचा. १९४७ साली या लपवालपवीला सबळ कारण होते, हे मी मान्य करतो. शत्रूच्या चाचण्यांवर आपण कान लावून बसलो आहोत हे कुठले सरकार जाहीर करील? पण २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने पहिली चाचणी केली तेव्हा तिचा सुगावा लागला तो विमानांनी गोळा केलेल्या हवेच्या नमुन्यांतून. फुग्यांच्या माळांची गरज संपत आली. तरीही रॉझवेलच्या कचऱ्याचा खरा अर्थ अमेरिकी सरकारने पुढची पंचेचाळीस वर्षे स्वतःहून सांगितला नाही.

मधली तीस वर्षे रॉझवेल सगळे विसरून गेले होते. हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ या तबकडी-चौकशीत १९६९ पर्यंत १२,६१८ घटनांची नोंद झाली आणि त्यांतल्या ७०१ अनुत्तरित राहिल्या; त्या काळातल्या तबकडीप्रेमींच्या वादांतही रॉझवेलचे नाव क्वचितच येई. १९७८ मध्ये स्टँटन फ्रीडमन या अणुभौतिकशास्त्रज्ञाने निवृत्त मार्सेल यांना गाठले आणि प्रकरण नव्याने उभे राहिले. हे साल योगायोगाचे नाही. व्हिएतनाम युद्धाविषयीची खोटी विधाने १९७१ मध्ये ‘पेंटॅगॉन पेपर्स’मुळे चव्हाट्यावर आली होती, वॉटरगेटमुळे एका राष्ट्राध्यक्षाला पायउतार व्हावे लागले होते, आणि नकळत नागरिकांवर मादक द्रव्यांचे प्रयोग झाल्याचे सीनेटच्या चौकशीत उघड झाले होते. सरकार खोटे बोलते हा तोवर संशय होता. आता तो पुराव्याने शाबीत झालेला अनुभव होता. अशा वेळी सरकारने १९४७ सालीही काहीतरी दडवले होते असे एक माजी अधिकारी सांगत असेल, तर लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवू नये? आणि गंमत म्हणजे, दडवले होते यात तथ्य होतेच.

त्यानंतर जे झाले त्यावर फार शाई खर्चण्याची गरज नाही. १९८० मध्ये पहिले पुस्तक आले, मग साक्षीदारांची रांग लागली, पाच पौंडांच्या कचऱ्याचे यान झाले, यानात मृतदेह आले, एका यानाची दोन याने झाली. ‘मॅजेस्टिक १२’ नावाची कथित गुप्त कागदपत्रे अवतरली आणि बनावट ठरली. शवागारात काम केलेल्या एका गृहस्थाने ज्या परिचारिकेचा हवाला दिला ती कुणाला सापडली नाही. १९९५ मध्ये जगभर दाखवल्या गेलेल्या ‘शवविच्छेदना’च्या चित्रफितीचा निर्माता २००६ मध्ये म्हणाला की ती आपण नव्याने चित्रित केली होती.

यापेक्षा सरकारचे वर्तन अधिक अभ्यासण्याजोगे आहे. न्यू मेक्सिकोचे काँग्रेस सदस्य स्टीव्हन शिफ यांना संरक्षण खात्याने दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाला मागे लावले; त्या दडपणाखाली १९९४ मध्ये हवाई दलाने मोगल प्रकल्पाचे नाव घेतले. १९९५ मध्ये लेखापरीक्षकांनी कळवले की रॉझवेल तळावरून ऑक्टोबर १९४६ ते डिसेंबर १९४९ या काळात बाहेर गेलेले संदेश नष्ट केले गेले आहेत आणि ते कुणी, कुठल्या अधिकाराने नष्ट केले याची नोंद नाही. मग घटनेच्या पन्नासाव्या वर्षी, जून १९९७ मध्ये, हवाई दलाने ‘केस क्लोज्ड’ असे शीर्षक मिरवणारा दुसरा अहवाल काढला. मृतदेह पाहिल्याचे सांगणाऱ्यांनी प्रत्यक्षात पॅराशूटच्या चाचण्यांसाठी टाकलेले माणसाच्या आकाराचे पुतळे पाहिले असावेत, असे त्यात म्हटले होते. हे पुतळे १९५० च्या दशकात टाकले गेले होते, मग १९४७ चे काय, असे पत्रकारांनी विचारताच लोकांच्या स्मरणात काळ आकुंचन पावतो असे उत्तर मिळाले. पूर्ण प्रामाणिकपणे दिलेले स्पष्टीकरणही पहिल्याच खोट्यामुळे किती हास्यास्पद वाटू शकते, याचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. त्याच महिन्यातल्या एका राष्ट्रीय पाहणीत ८० टक्के अमेरिकी लोकांनी सरकार परग्रहवासीयांविषयीची माहिती दडवत असल्याचे मत नोंदवले.

मोगलचे स्पष्टीकरण सर्व बाजूंनी बंदिस्त आहे असेही नाही. ज्या चौथ्या माळेचे हे अवशेष मानले जातात, तिच्याविषयी प्रकल्पाचे शास्त्रज्ञ अल्बर्ट क्रॅरी यांच्या रोजनिशीत ४ जून १९४७ च्या नोंदीत, ढगांमुळे उड्डाण झाले नाही असे म्हटले आहे आणि लगेच पुढे, ध्वनिग्राहक फुग्यांच्या झुबक्याला बांधून सोडल्याचेही म्हटले आहे. या नोंदीचा अर्थ कसा लावायचा यावर अभ्यासक भांडतात. मला मात्र मोळीचे वर्णन निर्णायक वाटते. घटनेनंतर महिन्याभरात, कुठलीही दंतकथा अस्तित्वात नसताना, ज्याने स्वतःच्या हातांनी कचरा गोळा केला त्या माणसाने दिलेली यादी आणि परावर्तकाचे सुटे भाग एकमेकांशी जुळतात. तीन दशकांनंतरच्या आठवणी जुळत नाहीत.

गुप्तता नसती तर काय झाले असते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला अमेरिकेत जावे लागत नाही. २ एप्रिल २०२२ च्या रात्री, ऐन गुढीपाडव्याला, विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आकाशातून आगीचे लोळ जाताना पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाची धातूची कडी येऊन आदळली. आसपासच्या गावांत धातूचे पोकळ गोळे सापडले. रॉझवेलच्या काड्यांपेक्षा हा ऐवज कितीतरी भारी होता. पण ती कडी गावाने पाहिली, मोबाइलवर टिपली, पोलिसांनी ठाण्यात नेऊन ठेवली, अवकाशातील कचऱ्याचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी तिचा संबंध चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाच्या टप्प्याशी जोडून दाखवला, आणि काही दिवसांतच विषय मिटला. आपले लोक अमेरिकी लोकांपेक्षा कमी भाबडे आहेत असा याचा अर्थ मी लावत नाही. आपल्या सरकारला त्यात लपवण्यासारखे काही नव्हते, एवढाच फरक. ती कडी आपल्याच एखाद्या गुप्त क्षेपणास्त्राची असती तर सिंदेवाहीतही आज संग्रहालय उभे राहिले असते.

रॉझवेलमध्ये ते १९९२ पासून उभे आहे. १९६७ मध्ये हवाई तळ बंद पडल्यावर गावाचा आधार गेला होता. आता मुख्य रस्त्यावरच्या दिव्यांना परग्रहवासीयांचे डोळे रंगवलेले आहेत, जुलैत उत्सव भरतो आणि संग्रहालयाच्या संस्थापकांत ते पहिले पत्रक काढणारे वॉल्टर हॉट स्वतः होते. पोट भरण्यासाठी गावाने दंतकथा विकली तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो ही दंतकथा विकत घेताना बाकीच्यांनी कशाकडे पाठ फिरवली हा.

फॉस्टर रँचपासून साधारण शंभरेक किलोमीटर पश्चिमेला ट्रिनिटी नावाची जागा आहे. ब्रेझल यांना कचरा सापडण्याआधी दोन वर्षे, १६ जुलै १९४५ च्या पहाटे साडेपाचच्या सुमारास, तिथे जगातला पहिला अणुस्फोट झाला. त्याचा प्रकाश दूरदूरच्या गावांना दिसला आणि लष्कराने वर्तमानपत्रांना निवेदन दिले की अलामोगोर्डो तळावरच्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला असून जीवितहानी झालेली नाही. हे निवेदन स्फोटाच्या आधीच लिहून तयार होते. म्हणजे रेमी यांचा फुगा हा त्या वाळवंटातला पहिला बनाव नव्हता. तोच प्रदेश, तेच लष्कर आणि तीच रीत. फरक इतकाच की दारूगोळ्याच्या कोठाराखाली जे झाकले गेले त्यात माणसे होती. आसपासच्या रँचवर आणि वस्त्यांवर राहणाऱ्या कुटुंबांना ना आधी सूचना मिळाली ना नंतर हलवण्यात आले. छपरावर पडणारे पावसाचे पाणी टाक्यात साठवून पिणारी ही माणसे होती. दूध आणि मांस दारच्या जनावरांचे, भाजी परसातली, आणि या सगळ्यावर पुढचे काही दिवस पांढरट राख पडत होती. चुपाडेरा पठारावर चरणाऱ्या गुरांच्या पाठीवर भाजल्याच्या खुणा उमटल्या आणि तिथले केस पांढरे होऊन उगवले. कोडॅक कंपनीच्या फिल्मवर डाग पडू लागले आणि त्यांचे मूळ दूर इंडियाना राज्यातल्या एका गिरणीच्या पुठ्ठ्यात, म्हणजे तिथल्या नदीच्या पाण्यात उतरलेल्या किरणोत्सर्गात सापडले. छायाचित्रांच्या फिल्मला झालेला अपाय शोधला गेला; माणसांना झालेल्या अपायाची चौकशी करायला कुणी आले नाही.

हे सगळे प्रसिद्ध आहे, छापलेले आहे, कुणीही वाचू शकतो. तरीही न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सरकारने काय दडवले, असे कुणालाही विचारले तर उत्तर तबकडी हेच येते. सरकारच्या खोटेपणावर बोट ठेवणारे जे लक्ष, जी चिकाटी, जो संताप एखाद्या खऱ्या अन्यायाच्या कामी आला असता, तो नसलेल्या प्रेतांच्या शोधात खर्ची पडला. सीआयएच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिले की १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि साठच्या दशकात आलेल्या तबकड्यांच्या निम्म्याहून अधिक खबरी ६०,००० फुटांवरून उडणाऱ्या यू-२ आणि तिच्यानंतरच्या हेरगिरी विमानांच्या होत्या, आणि हवाई दलाने हे माहीत असूनही लोकांना हिमकण आणि तापमानाच्या थरांची कारणे सांगितली. निम्म्याचा आकडा काही अभ्यासकांना मान्य नाही. पण लोकांना दिलेल्या खोट्या कारणांविषयी वाद नाही. परग्रहवासीयांची अफवा सरकारने रचली असे मी म्हणत नाही. ती खोडून काढण्याची त्याला घाई नव्हती, एवढे मात्र दिसते, कारण तबकडीवर विश्वास ठेवणारा माणूस विमानाविषयी प्रश्न विचारत नाही.

जुलै २०२३ मधले दोन दिवस मला या दृष्टीने फार बोलके वाटतात. २६ जुलैला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे डेव्हिड ग्रश या माजी गुप्तवार्ता अधिकाऱ्याने, सरकारकडे मानवेतर जिवांचे अवशेष आहेत असे आपल्याला इतरांकडून कळल्याचे शपथेवर सांगितले. दालन खच्चून भरले होते आणि जगभरातल्या वाहिन्यांनी ते दाखवले. २७ जुलैला सीनेटने ६१ विरुद्ध ३७ मतांनी, ट्रिनिटीच्या राखेत राहिलेल्या न्यू मेक्सिकोच्या रहिवाशांना भरपाई देण्याची दुरुस्ती संरक्षण विधेयकात घातली. भरपाईच्या १९९० च्या मूळ कायद्यात नेवाडातल्या अणुचाचण्यांची झळ पोहोचलेल्यांना स्थान होते; पहिल्या स्फोटाच्या शेजाऱ्यांना नव्हते. त्याच विधेयकात तबकड्यांविषयीची सरकारी कागदपत्रे खुली करण्याची दुरुस्तीही होती. डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटींत तबकड्यांच्या दुरुस्तीची बरीच काटछाट झाली, पण राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांचा स्वतंत्र संग्रह करण्याची तरतूद टिकली. भरपाईची दुरुस्ती संपूर्ण वगळण्यात आली, आणि जून २०२४ मध्ये मूळ कायद्याचीच मुदत संपली.

न्यू मेक्सिकोच्या त्या रहिवाशांना कायद्यात जागा मिळाली ती ४ जुलै २०२५ रोजी, स्फोटाला ऐंशी वर्षे पुरी व्हायला बारा दिवस उरले असताना. आता त्यांनी, किंवा ते हयात नसतील तर त्यांच्या वारसांनी, आपण त्या काळी तिथे राहत होतो हे सिद्ध करणारे जुने कागद सरकारला सादर करायचे आहेत.